काकांचा निसान वन-टन ट्रक घरीच चालू करायचा आहे: इंजिन, ब्रेक आणि कागदपत्रांबाबत सल्ला हवा

केळीबाग, रावेर

नमस्कार.

रावेर तालुक्यातील आमच्या मळ्यात, पत्र्याच्या शेडमध्ये, सैन्यातून निघालेला एक निसान वन-टन ट्रक बऱ्याच वर्षांपासून उभा आहे. दिवंगत काकांनी तो लिलावाचा माल घेणाऱ्या एका व्यापाऱ्याकडून विकत घेतला होता. पावसाळ्यात आमच्या काळ्या जमिनीत ट्रॅक्टरची ट्रॉलीसुद्धा फसते, तेव्हा केळीचे घड बागेतून डांबरी रस्त्यापर्यंत काढून आणण्याचे काम हा ट्रक करीत असे. पुढे पेट्रोलचा खर्च परवडेनासा झाला, काकांची प्रकृतीही खालावली, आणि ट्रक उभा राहिला तो राहिलाच.

आता तो घरीच दुरुस्त करण्याचा विचार आहे. मी आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम पूर्ण केला आहे आणि ट्रॅक्टरची बहुतेक कामे स्वतःच करतो. वेल्डिंग मशीन, हवेचा कॉम्प्रेसर आणि बोअरची मोटार काढण्याची तिपाई व चेन-पुली घरी आहे. लेथचे काम मात्र बाहेरून करून घ्यावे लागेल.

ट्रकची सध्याची अवस्था अशी आहे. हँडल लावून जोर दिला तरी इंजिन फिरत नाही. ब्रेकचे पेडल थेट तळाला जाते. पेट्रोलच्या टाकीतून जुन्या व्हार्निशसारखा वास येतो. वायरिंगचा बराचसा भाग उंदरांनी कुरतडला आहे. केबिनच्या तळाचा पत्रा सडला आहे आणि हौद्याच्या लाकडी फळ्या गेल्या आहेत. पण चासी सरळ असून कमान पाट्यांपैकी एकही तुटलेला दिसत नाही. आपल्याकडील हवा कोरडी असल्यामुळे गंज वरवरचाच असावा, असे वाटते.

माझ्या मनात पुढील बदल आहेत: पेट्रोल इंजिन काढून डिझेल इंजिन बसवावे, पॉवर स्टिअरिंग करावे, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक लावावेत आणि काकांनी दिलेला निळा रंग खरवडून ट्रकला पुन्हा मूळचा लष्करी हिरवा रंग द्यावा. यांतील काय करण्यासारखे आहे, काय टाळावे आणि सुरुवात कोठून करावी, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

निवृत्त कारागीर, भुसावळ

केळीबाग, आपण तपशील नीट दिलात, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. मी सैन्यात ईएमई कोरमध्ये वाहनदुरुस्तीचे काम केले असून हा ट्रक आणि जोंगा (सैन्याची जीपसारखी गाडी) या दोन्ही गाड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत.

प्रथम गाडीची ओळख करून घ्या, कारण सुट्या भागांचा शोध त्यावरच अवलंबून आहे. हा ट्रक निसानच्या परवान्यानुसार जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत बनत असे. शक्तिमान ट्रक आणि जोंगा याही गाड्या त्याच कारखान्याच्या. वन-टन आणि जोंगा यांचे इंजिन एकाच घराण्याचे आहे: सरळ रांगेतील सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) ८५.७ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ११४.३ मिमी. त्यामुळे वन-टनचे म्हणून इंजिनाचे भाग मिळाले नाहीत, तर जोंगाचे म्हणून विचारा. जोंगाचे चाहते देशभर असल्यामुळे जबलपूर किंवा दिल्लीच्या मायापुरीतील व्यापाऱ्यांकडे काही ना काही निघते. निळा रंग खरवडताना बंपर आणि दरवाज्यांजवळ सावकाश जा. खालच्या थरात वर टोक असलेला बाण व त्यापुढे आकडे दिसले, तर तो सैन्याचा नोंदणी क्रमांक होय. बाणानंतरचे पहिले दोन आकडे वर्ष सांगतात. त्याचा फोटो काढून ठेवा.

इंजिन अडकले आहे म्हणजे ते संपले आहे, असे नाही. सहाही स्पार्क प्लग काढा आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल व रॉकेल किंवा डिझेल समप्रमाणात मिसळून थोडे थोडे ओता. पुढचे काही दिवस ते मुरू द्यावे आणि रोज हँडलने हलका ताण देऊन पाहावे. ट्रॅक्टरने ओढून गिअरमध्ये झटका देण्याचा मोह अनेकांना होतो. त्याने पिस्टनच्या रिंगा तुटतात, क्वचित कनेक्टिंग रॉडही वाकतो. इंजिन मोकळे झाल्यावर इंजिनाच्या तळाच्या चेंबरमधील तेल पूर्ण काढून टाका, कारण मुरलेले मिश्रण खाली उतरलेले असते. मग नवीन तेल भरून, प्लग काढलेल्या अवस्थेतच, तेलाचा दाब येईपर्यंत स्टार्टरने फिरवा आणि त्यानंतर कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा.

परंतु इंजिनाच्या आधी ब्रेक. इंजिन चालू झाले की घरातील तरुण मंडळींना एक फेरी मारल्यावाचून राहवत नाही, आणि हा रिकामासुद्धा दोन टनांहून जड असलेला ट्रक हँडब्रेकच्या भरवशावर थांबत नाही. चारही ड्रम उतरवा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून कॉम्प्रेसरने धूळ मुळीच उडवू नका, पाणी शिंपडून ओल्या कापडाने पुसा. चाकांचे सिलिंडर आतून खड्डे पडलेले निघतील. नवीन सिलिंडर न मिळाल्यास लेथवर बोअर करून त्यात पितळी किंवा स्टेनलेस स्टीलचा स्लीव्ह मूळ मापाचा बसवून घेता येतो, आणि मग बाजारातील सामान्य रबर किट चालते. स्टीलच्या ब्रेक नळ्या व रबरी होज सगळ्या नव्या घाला. मास्टर सिलिंडर (पेडलने दाबला जाणारा ब्रेकचा मुख्य सिलिंडर) एकाच सर्किटचा असेल, तर एक नळी फुटताच चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. म्हणून माझ्या मते या ट्रकमधील पहिला आणि सर्वांत मोलाचा बदल म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांची सर्किट वेगळी करणारा टँडम मास्टर सिलिंडर. तो घेताना बोअर मूळ सिलिंडरएवढाच ठेवा. मोठा घेतला तर पेडल दगडासारखे कडक होते, लहान घेतला तर पेडल खाली जाऊनही शू पुरते उघडत नाहीत.

आणखी एक गोष्ट अत्यंत महत्त्वाची आहे. लष्करी गाड्यांच्या रिम अनेकदा दोन भाग बोल्टने जोडलेल्या किंवा लॉक-रिंगच्या असतात. टायरमध्ये हवा असताना रिमचे भाग जोडणारे नट सैल केले, तर रिम उडून माणूस जागीच दगावू शकतो. चाकाला पाना लावण्यापूर्वी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. हवा भरताना चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवा, आणि लांब नळी लावून बाजूला उभे राहा. गावातील पंक्चरवाल्याला या रिमची माहिती असेलच, असे गृहीत धरू नका.

डिझेल इंजिनाच्या मी विरोधात आहे, पण त्याबद्दल इतरांनी लिहावे.

लेथवाला, धुळे

कारागीरसाहेबांचे ब्रेकविषयीचे म्हणणे शब्दशः मान्य. डिझेलविषयी मात्र नुसता विरोध पुरेसा नाही. हिशेब मांडला पाहिजे, कारण शेतकरी माणूस शेवटी हिशेबानेच ठरवतो.

हे चार लिटरचे पेट्रोल इंजिन लिटरला चार किलोमीटर देते असे धरा आणि बसवलेले डिझेल इंजिन नऊ देईल असे धरा. ट्रक वर्षाला १,००० किलोमीटर चालला, तर पेट्रोल २५० लिटर लागेल आणि डिझेल सुमारे १११ लिटर. पेट्रोल १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरले, तर वर्षाचा फरक सुमारे १६,००० रुपयांचा होतो. इंजिन, जोडणीची प्लेट, माउंटिंग, रेडिएटर आणि मजुरी मिळून खर्च लाखांत जातो. मळ्यातून रस्त्यापर्यंतच्या फेऱ्यांसाठी हा पैसा वसूल होण्याची वाट पाहणे व्यर्थ आहे. वर्षाला १०,००० किलोमीटर चालणार असेल, तर हिशेब उलटतो. पण तेवढे अंतर चालणारी गाडी हवी असेल, तर हा ट्रक कशाला हवा, असा प्रश्न मी विचारेन.

तरीही ज्यांना करायचेच आहे, त्यांनी तांत्रिक बाजू समजून घ्यावी. माझ्याकडे अशा कामाच्या प्लेटा बनवून घेण्यासाठी लोक येतात. त्यांना वाटते की गिअरबॉक्सच्या बेल हाउसिंगची भोके जुळली म्हणजे काम झाले. खरी अडचण क्रँकशाफ्टचे केंद्र आणि गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे केंद्र एका रेषेत आणण्याची असते. डायल गेज लावून ते पाहिले नाही, तर पायलट बेअरिंग आणि क्लच वारंवार जातात आणि दोष कोणाच्याच लक्षात येत नाही. डिझेल इंजिनाचे जास्तीत जास्त फेरे कमी असतात, त्यामुळे मूळ क्राउन-पिनियन (ॲक्सलमधील गिअरची जोडी) ठेवला तर गाडीचा वेग घटतो. पुढे वजन वाढल्याने कमान पाटे बसतात.

आणि एक गोष्ट बहुतेक जण विसरतात: ब्रेकचा बूस्टर (पेडलचा जोर वाढवणारा भाग) इंजिनाच्या मॅनिफोल्डमधून व्हॅक्यूम घेत असेल, तर डिझेल इंजिनात तो व्हॅक्यूम मिळतच नाही. त्यासाठी व्हॅक्यूम पंप असलेला अल्टरनेटर लागतो. तो न लावता डिझेल इंजिन बसवलेली गाडी सपाटीवर ठीक चालते, पण कन्नडच्या किंवा तोरणमाळच्या घाटात उतरताना पेडलवर उभे राहिले तरी थांबत नाही.

पॉवर स्टिअरिंगबद्दल: दुसऱ्या ट्रकचा हायड्रॉलिक बॉक्स बसवता येतो, परंतु तो चासीच्या ज्या टोकाला बसतो तेथे आतून प्लेट देऊन मजबुती करावी लागते, नाहीतर काही महिन्यांत चासीला तडा जातो. ड्रॉप आर्म, ड्रॅग लिंक किंवा नकल आर्म या स्टिअरिंगच्या दांड्यांवर वेल्डिंग करणाऱ्याकडे पाठ फिरवा. लांबी कमी-जास्त हवी असेल, तर योग्य लांबीचा भाग शोधा. माझा सल्ला असा की, आधी किंगपिनची बेअरिंग आणि सर्व जोड नीट करून, टायरमध्ये योग्य हवा भरून ट्रक चालवून पाहा. बऱ्याच गाड्यांचे जड स्टिअरिंग तेवढ्यानेच हलके होते.

पुढच्या डिस्क ब्रेकलाही माझा नकार आहे. कॅलिपरचा (डिस्क दाबून धरणाऱ्या भागाचा) ब्रॅकेट घरी कापून वेल्ड करणे म्हणजे ब्रेकचा संपूर्ण भार एका वेल्डवर टाकणे होय. शिवाय ड्रमसाठी नळीत थोडा दाब अडवून धरणारा व्हॉल्व्ह लागतो, तोच डिस्कला चालत नाही, आणि पुढे-मागे ब्रेकचे प्रमाण नव्याने जुळवावे लागते. नीट बसवलेले, गोल टर्न केलेले ड्रम तुमच्या कामाला भरपूर आहेत.

आरटीओ कामकाज, जळगाव

तांत्रिक चर्चा उत्तम चालली आहे, पण कागद पाहिल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

सर्वप्रथम या ट्रकची नागरी नोंदणी झाली होती का, ते पाहा. एमएच-१९ किंवा त्याआधीच्या पद्धतीचा क्रमांक आणि आरसी पुस्तक असेल, तर चासी क्रमांक त्याच्याशी अक्षरशः ताडून पाहा. आरसी काकांच्या नावावर असेल, तर मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावे हस्तांतर करण्यासाठी नमुना ३१ भरावा लागतो. आरसी मुळातच व्यापाऱ्याच्या नावावर राहिली असेल, तर प्रकरण किचकट होते. नोंदणीच झाली नसेल, तर केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ च्या नियम ४७ प्रमाणे सैन्यातून निघालेल्या वाहनासाठी संबंधित प्राधिकरणाचे नमुना २१ मधील मूळ विक्री प्रमाणपत्र लागते. ते हरवले असेल, तर त्या अवस्थेत ट्रकवर मोठा खर्च करणे शहाणपणाचे नाही.

मालवाहू म्हणून नोंद असल्यास फिटनेस प्रमाणपत्राशिवाय नोंदणी वैध धरली जात नाही, आणि एवढ्या जुन्या वाहनाला ते दरवर्षी घ्यावे लागते. एकूण वजन ३,००० किलोपेक्षा अधिक असेल, तर परमिटचाही प्रश्न येतो.

डिझेल इंजिनाबाबत कायदा काय म्हणतो, ते पाहा. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला स्वतःच्या मर्जीने करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ च्या निकालात हे आणखी स्पष्ट केले. आरसीवर पेट्रोल आणि बॉनेटखाली डिझेल, अशी गाडी अपघातात सापडली, तर विमा कंपनी सर्वप्रथम तेच दाखवते.

रंगाविषयी सांगायचे तर, नियम १२१ प्रमाणे ऑलिव्ह ग्रीन रंग केवळ संरक्षण विभागाच्या वाहनांसाठी राखीव आहे. मूळ रंग तोच होता, हे कारण चालत नाही. सैन्याचा क्रमांकही पुन्हा रंगवू नका, फोटोत ठेवा. दुसरा कोणताही रंग निवडून त्याची आरसीवर नोंद करून घ्या.

काही जण २०२१ च्या व्हिंटेज वाहनांच्या नियमांचा आधार सुचवतील. ती सवलत पन्नास वर्षांपेक्षा जुन्या दुचाकी आणि प्रवासी चारचाकी वाहनांसाठी आहे, मालवाहू ट्रकसाठी नाही. आणि त्या नोंदणीवर रोजचा वापर करता येत नाही. आपल्या केळीच्या कामाला ती उपयोगी पडणार नाही.

केळीबाग, रावेर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपल्या सल्ल्याप्रमाणे काम सुरू केले आहे, त्याची माहिती देतो.

काकांच्या लोखंडी पेटीत आरसी पुस्तक मिळाले. ते त्यांच्याच नावावर आहे, इंधन पेट्रोल आहे आणि चासी क्रमांक जुळतो. वारस हस्तांतराचे कागद तयार करीत आहे. हिशेब वाचल्यावर डिझेलचा विचार सोडून दिला. रंगाबद्दल घरात चर्चा झाली आणि काकांचाच निळा रंग कायम ठेवण्याचे ठरले.

इंजिन मोकळे झाले. कॉम्प्रेशन मोजले असता पाच सिलिंडर दर चौरस इंचाला १०० ते ११० पौंडांच्या दरम्यान आहेत, चौथा मात्र ६० वर आहे. त्यात चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजले, तरी आकडा फारसा वाढला नाही. ड्रम उतरवले असून चाकांचे सिलिंडर धुळ्याला पाठवायचे आहेत.

आता तीन शंका आहेत. चौथ्या सिलिंडरचे काय करावे? टाकीला खालून बारीक भोके आहेत, ती वेल्ड करता येतील का? आणि हल्लीच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर हे जुने इंजिन चालेल का, विशेषतः आपल्या मे महिन्यात?

निवृत्त कारागीर, भुसावळ

तेल टाकूनही कॉम्प्रेशन वाढले नाही, म्हणजे रिंगांचा दोष नसून व्हॉल्व्ह गळतो आहे, किंवा हेड गॅस्केट. शेजारचे तिसरे आणि पाचवे सिलिंडर चांगले असल्यामुळे गॅस्केटची शक्यता कमी आहे. हेड उतरवण्याआधी चौथ्या सिलिंडरच्या टॅपेटची फट (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यातील अंतर) तपासा. फट संपलेली असेल, तर व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नाही, आणि नुसत्या समायोजनाने काम होऊ शकते. फट योग्य असूनही गळत असेल, तर हेड उतरवावे लागेल. फट संपण्यामागे बहुधा सीट, म्हणजे व्हॉल्व्ह ज्यावर बसतो ती कडा, झिजलेली असते. शिसेविरहित पेट्रोल देशभर २००० पासून आले. त्याआधीच्या इंजिनांत एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट पेट्रोलमधील शिशाच्या थरामुळे टिकत असे. तो थर गेल्यावर जड काम करणाऱ्या इंजिनाची मऊ सीट हळूहळू आत जाते. त्यावर कायमचा उपाय म्हणजे एक्झॉस्टच्या सहाही सीटमध्ये कठीण धातूचे इन्सर्ट बसवून घेणे. एकटी चौथी करू नका.

टाकीबद्दल कडक शब्दांत सांगतो: पेट्रोलची टाकी घरी वेल्ड करू नये. वर्षानुवर्षे कोरडी असली तरी पत्र्याच्या सांध्यांत आणि व्हार्निशच्या थरात राहिलेल्या अंशातून तापल्यावर वाफ निघते आणि रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक जोराने फुटते. लेथवाल्यांकडून नवी टाकी बनवून घेणे हा सरळ मार्ग आहे.

इथेनॉलविषयी बोलायचे तर, वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलवर इंजिन चालेल, पण जुन्या साध्या रबराला इथेनॉल सहन होत नाही. पंपाचा डायफ्राम, कार्ब्युरेटरचे वॉशर आणि सर्व होज इथेनॉल सोसणाऱ्या वायटन प्रकारच्या रबराचे घ्या. मिश्रण थोडे पातळ होते, म्हणजे हवा जास्त आणि इंधन कमी. प्लगचा रंग पांढुरका दिसू लागला, तर कार्ब्युरेटरचे जेट (पेट्रोल सोडणारे बारीक भोक) एक माप मोठे करावे लागेल. इथेनॉल हवेतील ओल शोषते, म्हणून हंगाम संपल्यावर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

उन्हाळ्याची अडचण खरी आहे. आपल्याकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होऊन गाडी भर रस्त्यात बंद पडते. नळी मॅनिफोल्डपासून दूर वळवा, मध्ये पत्र्याचा आडोसा द्या, आणि तरीही त्रास झाला तर टाकीजवळ कमी दाबाचा विजेवर चालणारा पंप लावा. रेडिएटरची जाळी नवीन करून घ्या. आपले मेकॅनिक गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिनाचे तापमान राखणारा व्हॉल्व्ह) काढून फेकतात, तसे करू देऊ नका. थंड राहिलेल्या इंजिनाच्या बोअर लवकर झिजतात आणि पेट्रोलही जास्त जाते. एअर फिल्टर तेलाच्या भांड्याचा असेल, तर तो बदलू नका. मळ्यातील धुळीत तो चांगले काम देतो, फक्त भांड्यातील गाळ वेळच्या वेळी काढा.

लेथवाला, धुळे

सिलिंडर पाठवताना प्रत्येकावर कोणत्या चाकाचा, ते कोरून पाठवा, कारण पुढच्या आणि मागच्या बोअरचे माप वेगळे असू शकते. टाकी बनवता येईल. जुनी टाकी नमुना म्हणून आणा, पण आणण्याआधी ती पाण्याने पूर्ण भरून, रिकामी करून, झाकण उघडे ठेवून उन्हात वाळवा. तिपाईने इंजिन उचलण्याची वेळ आली, तर चेन-पुली किमान एक टनाची आहे याची खात्री करा आणि तिपाईचे पाय साखळीने एकमेकांना बांधा. बोअरची मोटार सरळ वर येते, इंजिन मात्र गाडीतून पुढे ओढताना झोके घेते.

वायरिंगबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो: उंदरांनी खाल्लेल्या वायरी जोडत बसू नका. बॅटरीजवळ मुख्य कट-ऑफ स्विच, त्यानंतर फ्यूज बॉक्स आणि तेथून प्रत्येक कामाची स्वतंत्र वायर, अशी संपूर्ण नवी मांडणी करा. बॅटरीचे कोणते टोक चासीला जोडलेले आहे आणि गाडी १२ व्होल्टची आहे की २४ ची, हे अल्टरनेटर घेण्यापूर्वी पाहा.

केळीबाग, रावेर

टॅपेट पाहिले. चौथ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हला फट अजिबात नाही, बाकीच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हनाही ती अपेक्षेपेक्षा कमी आहे. म्हणजे कारागीरसाहेबांनी सांगितले तेच दिसते. हेड उतरवून जळगावला इन्सर्टसाठी देतो आहे.

निवृत्त कारागीर, भुसावळ

हेडचे नट थंड इंजिनावर, बाहेरून आत या क्रमाने, थोडे थोडे सैल करा. एकाच बाजूचे आधी पूर्ण काढले तर हेड वाकते. पुश रॉड (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्या) काढताना पुठ्ठ्याला भोके पाडून त्यात क्रमाने खोचून ठेवा, म्हणजे प्रत्येक आपल्या जागी परत जाईल. हेड दुकानात दिल्यावर सपाटीसुद्धा तपासायला सांगा, आणि इन्सर्ट बसवण्यापूर्वी सीटचे फोटो येथे टाका.